हुनर वाटणारा उस्ताद

आपल्या मोहल्ल्यांत उस्ताद-शागिर्दाची रीत जुनी आहे. गॅरेज असो, शिलाईचे दुकान असो की फर्निचरचा कारखाना, मुलगा हाताखाली येतो आणि बघून बघून शिकतो. पण या रीतीला एक कीडही लागली आहे. कामातली शेवटची खुबी पुष्कळ उस्ताद स्वतःजवळच ठेवतात. सगळे शिकवले तर हा उद्या समोरच दुकान थाटेल, अशी भीती असते. मग पाच वर्षांनंतरही शागिर्द पाना-पकडच उचलून देत राहतो आणि उस्ताद आजारी पडला की दुकानाला कुलूप लागते.

याच्या उलट रीत पाहायची असेल तर तामिळनाडूतील मदुराईचे अरविंद नेत्र रुग्णालय पाहावे. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी १९७६ साली वयाच्या ५८ व्या वर्षी सरकारी नोकरीतून निवृत्त झाले आणि त्यांनी अवघ्या ११ खाटांवर हे रुग्णालय सुरू केले. तरुणपणीच संधिवाताने त्यांच्या हातांची बोटे वाकडी झाली होती. तरीही त्यांनी एक लाखाहून अधिक नेत्रशस्त्रक्रिया केल्या. मोतीबिंदूमुळे आंधळे झालेले गरीब रुग्ण मात्र इतके होते की एका माणसाचे दोन हात त्यांना पुरणारे नव्हते.

तेव्हा त्यांनी माणसे घडवली. आसपासच्या खेड्यांतील बारावी झालेल्या मुली निवडल्या जातात आणि त्यांना दोन वर्षांचे प्रशिक्षण मिळते. या काळात मुलीकडून फी घेतली जात नाही, उलट तिलाच विद्यावेतन दिले जाते. कोणी नजर तपासायला शिकते, कोणी शस्त्रक्रियागृहात मदत करायला, तर कोणी घाबरलेल्या रुग्णाला समजावून सांगायला. शस्त्रक्रियेच्या आधीची आणि नंतरची बरीच कामे याच मुली सांभाळतात. डॉक्टर एका टेबलावर शस्त्रक्रिया करत असतात, तोवर शेजारच्या टेबलावर पुढचा रुग्ण तयार असतो. त्यामुळे तेवढ्याच वेळात कितीतरी अधिक लोकांना दृष्टी मिळते आणि मोठ्या संख्येने रुग्णांवर मोफत किंवा नाममात्र खर्चात उपचार होतात.

हुनर लपवण्याची वृत्तीही तिथे दिसत नाही. आपली पद्धत इतर रुग्णालयांना शिकवण्यासाठी अरविंदने १९९२ मध्ये स्वतंत्र संस्थाच काढली. डॉ. वेंकटस्वामी २००६ साली वारले, पण काम थांबले नाही. ते करणारी माणसे तयार होती.

आपल्याकडे बारावी झालेली एखादी मुलगी दवाखान्यात कामाला लागते आणि वर्षानुवर्षे फक्त नंबर पुकारते. तिची हुशारी कमी नसते. तिला पुढचे काम कोणी शिकवलेले नसते, एवढेच.

वाचकहो, आपल्यापैकी ज्यांच्या हाताखाली एक जरी माणूस काम करत असेल, त्यांनी या महिन्यात त्याला एक नवे काम नीट शिकवावे. आधी करून दाखवावे, मग शेजारी उभे राहून त्याच्याकडून करून घ्यावे, आणि जमू लागले की ते पूर्णपणे त्याच्यावर सोपवावे. चूक झाली तर गिऱ्हाइकासमोर रागावू नये, नंतर बाजूला घेऊन सांगावे. तो उद्या वेगळे दुकान काढील, हे शक्य आहे. काढू द्यावे. तिथेही लोक विचारतीलच, "तुझा उस्ताद कोण?"