अर्धा सेकंद गेला कुठे?

'च'ची भाषा येते ना तुम्हाला? शब्दाचं पहिलं अक्षर उचलून शेवटी टाकायचं आणि पुढे 'च' लावायचा. शाळा म्हणजे 'चळाशा', कमल म्हणजे 'चमलक'. मधल्या सुट्टीत दोघी मैत्रिणी अशा फाडफाड बोलतात आणि तिसरीला ओ की ठो कळत नाही! अगदी अशाच युक्तीनं २०२४ साली जगभरातल्या संगणकांना चोरदरवाजा बसवायचा डाव रचला गेला होता.

आधी थोडी ओळख करून घेऊ. गावाला जाताना आपण कपड्यांचं बोचकं बांधतो, तसं संगणकावरही शेकडो फायलींचं एकच बोचकं बांधतात. 'टार' नावाच्या प्रोग्रामनं बांधलं की त्याला टारबॉल म्हणतात. ते दाबून लहान करायचं काम 'एक्सझेड' नावाचा प्रोग्राम करतो. आणि 'शेल' म्हणजे आपण लिहिलेले हुकूम वाचून ते पाळणारा प्रोग्राम. सांगितलं ते निमूट करतो, चांगलं-वाईट बघत नाही!

डेबियन, फेडोरा अशा संस्थांची माणसं टारबॉल सोडतात, आतले शेलचे हुकूम चालवतात आणि तयार झालेला प्रोग्राम तुमच्याआमच्यासाठी पॅकेजमध्ये भरतात. हे हुकूम कधीकधी हजारो ओळींचे असतात. खरं सांगा, सगळे कोण वाचणार?

एक्सझेड लासे कॉलिन हे गृहस्थ फावल्या वेळात, बिनपगारी सांभाळत होते. त्यांची तब्येतही बरी नव्हती. २०२१ पासून 'जिया टॅन' नावाचं कुणीतरी मदतीला येऊ लागलं. कामं चोख. इकडे काही अनोळखी लोक कॉलिन यांना पत्रं पाठवून 'फार हळू चाललंय, दुसऱ्याच्या हाती द्या' म्हणून टोचत होते. शेवटी जिया टॅनला टारबॉल बांधायचा अधिकार मिळाला. हे नाव खोटं असावं, असं जाणकार मानतात. दमलेल्या माणसाला मदत करायची आणि त्याच्याच घरात सुरुंग लावायचा! मला या गोष्टीतलं हेच सगळ्यात वाईट वाटतं.

फेब्रुवारी आणि मार्च २०२४ मध्ये ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्या आल्या. सगळ्यांना बघण्यासाठी ठेवलेल्या मूळ फायलींत नसलेली एक ओळ टारबॉलमध्ये मात्र होती. बाईंना तपासायला एक वही द्यायची आणि प्रदर्शनात दुसरीच ठेवायची, तसं!

ती ओळ काय करायची? एक्सझेडमध्ये मुद्दाम बिघडवलेल्या काही फायली असतात. प्रोग्रामला बिघाड ओळखता येतो का, हे त्यांच्यावर तपासतात. त्यामुळे फाईल बिघडलेली दिसली तरी कुणी चमकत नाही. ती ओळ अशी एक फाईल घ्यायची आणि तिच्यातल्या काही खुणांची अदलाबदल करायची. मोकळ्या जागेच्या ठिकाणी टॅब, टॅबच्या ठिकाणी मोकळी जागा. मधली रेघ खाली, खालची रेघ मध्ये. झाली की 'च'ची भाषा! लगेच ती बिघडलेली फाईल नीट उलगडायची. आतून निघायचे शेलचेच हुकूम, आणि ते थेट शेलच्या हाती! ते हुकूम दुसऱ्या फाईलमधून १०२४ बाइट टाक, २०४८ घे, असं करत पुढचा माल बाहेर काढायचे. शिवाय, डेबियन किंवा फेडोरासारखं पॅकेज बनत असेल तरच काम करायचं, हीसुद्धा अट होती. उगाच कुणाच्या नजरेत यायला नको ना!

म्हणून बोचकं सोडणारे हुकूम तपासताना एक प्रश्न जरूर विचारतात : उलगडलेला माल जातो कुठे? फायलींत गेला तर ठीक. थेट शेलकडे गेला, तर थांबायचं आणि पुन्हा वाचायचं.

सापडलं कसं? आंद्रेस फ्रॉइंड हे अभियंते वेगळंच काम करत होते. दूरच्या संगणकात शिरायला एरवी ०.२९९ सेकंद लागायचे, ते आता ०.८०७ लागत होते. अर्धा सेकंद! तुम्ही-आम्ही म्हटलं असतं, 'असू दे.' त्यांनी मात्र माग काढला आणि शुक्रवारी, २९ मार्च २०२४ रोजी सगळ्यांना सावध केलं. चाचणीतल्या काही आवृत्त्यांत माल पोचला होता. तो जगभर पसरला असता, तर विशिष्ट किल्ली असलेल्याला लाखो संगणकांवर हवे ते हुकूम चालवता आले असते.

२९ मे २०२४ रोजी कॉलिन यांनी ५.६.२ ही स्वच्छ आवृत्ती काढली.

आणि हो, 'चचकंबो' म्हणजे काय, ओळखा पाहू!