हंगाम देवीगीतांचा

सकाळी सहा. जबलपुरात आमच्या नेपियर टाऊनला सहा ते आठ एवढाच वेळ शांत असतो. मग शाळेच्या व्हॅन, भाजीवाले आणि गाणं वाजवत फिरणारी नगर निगमची कचरागाडी सुरू होते. कंडेन्सर माइकला निवड कळत नाही, कानावर येईल ते सगळं तो टिपतो. म्हणून हे दोन तास माझ्या स्वतःच्या कामाचे. स्टुडिओ म्हणजे घराची मागची खोली. भिंतींना रॉकवूल भरलेल्या चौकटी, कोपऱ्यात जुन्या गाद्या उभ्या करून केलेला गाण्याचा आडोसा, एक कॉम्प्युटर आणि दोन स्पीकर. सॉफ्टवेअर रीपर, ज्याचा साधा परवाना साठ डॉलरला मिळतो. चोरीचं सॉफ्टवेअर वापरून रॉयल्टीवर भाषण देणारे लोक या धंद्यात पुष्कळ आहेत.

सध्या बंबुलियावर काम चाललंय. नर्मदेच्या स्नानाला निघालेले यात्रेकरू वाटेनं गातात ती ही लांब सुरांची गाणी, संक्रांतीला विशेष. बुंदेलखंडात यांनाच लमटेराही म्हणतात. ग्वारीघाटावर मी टिपलेलं पाणी, नावाड्यांच्या हाका, घंटा यांच्यावर ती चाल सारंगीसारख्या सुरात ठेवतोय. चाल परंपरेची आहे, तिच्यावर कोणाचा हक्क नाही. पण माझी मांडणी माझी आणि हे रेकॉर्डिंगही माझं. आपल्याकडे रेकॉर्डिंगवरचा हक्क प्रकाशित झाल्यापासून साठ वर्षं टिकतो, म्हणजे माझ्या नातवंडांपर्यंत.

याला गिऱ्हाईक आहे, आणि ते मराठीच आहे. जगन्नाथ कुंटे यांची पुस्तकं वाचून नर्मदा परिक्रमेला निघालेला मराठी माणूस आता चालता चालता व्हिडिओही करतो. आमच्या गावचे अमृतलाल वेगड वही आणि कुंचला घेऊन किनाऱ्यानं फिरले, हे लोक मोबाइल घेऊन फिरतात. त्यांना पार्श्वसंगीत लागतं आणि सिनेमाचं गाणं लावलं की यूट्यूबवर कॉपीराइटचा क्लेम येतो. मी त्यांना लेखी परवानगी देतो, थोडे पैसे घेतो आणि त्यांच्या चॅनेलचं नाव माझी गाणी यूट्यूबवर पोचवणाऱ्या वितरकाच्या सूट-यादीत घालतो, म्हणजे क्लेम येत नाही. रक्कम लहान असते, पण तोच तुकडा मी दहा जणांना देऊ शकतो आणि तरी तो माझ्याकडेच राहतो. माझ्या सगळ्या कामाचे असे दोन ढीग आहेत, विकलेलं आणि ठेवलेलं. घर विकलेल्यावर चालतं. दिवसभर माझा झगडा असतो तो दुसऱ्या ढिगात चिमूटभर काहीतरी पडावं म्हणून.

नऊ वाजता पोहे-जिलेबी आणि फोन. पितृपक्षात नवं काम काढू नये म्हणतात, पण आमच्याकडे वर्षातली सगळ्यात जास्त रेकॉर्डिंगं याच पंधरवड्यात होतात. घटस्थापनेला गाणं यूट्यूबवर दिसलंच पाहिजे. जबलपूरचं नवरात्र मोठं. मंडप, झाँकी, जवारे आणि रात्रभर चालणारी देवीची गाणी, म्हणजे भगतं आणि जस. प्रत्येक मोहल्ल्यात एक तरी गायक असतो आणि त्याला या वर्षी स्वतःचं गाणं हवं असतं. फोनवरचं पहिलं वाक्य ठरलेलं, ‘बड्डे, इस बार कुछ कम कर दो.’ ओळखीचा असो वा अनोळखी, जबलपुरात सगळे बड्डेच. मी भाव फारसा उतरवत नाही, पण बयाणा अर्धा आधी घेतो. बयाणा न देणाऱ्याचं गाणं नवरात्र संपल्यावर तयार होतं.

साडेदहा. इथल्याच पाटणकडच्या गावातून एक गुरुजी आले आहेत, शाळेत शिकवतात आणि जस गातात. सोबत त्यांचा ढोलकवाला. आवाज काय लागतो या माणसाचा! मुखड्यावरच खोली भरून जाते. पण गाताना ते उजव्या हातानं मांडीवर ठेका देतात आणि मनगटातलं कडं शर्टाच्या बटणाला लागून टिक्‌ टिक्‌ करतं. हेडफोनमध्ये ते स्पष्ट येतं. कडं काढायला सांगितलं तर त्यांनी काढलं, पण हातही थांबला, आणि हात थांबताच लय मागे पडायला लागली. शेवटी मांडीवर घडी केलेला टॉवेल ठेवला आणि म्हटलं, गुरुजी, आता बडवा खुशाल. दुसऱ्या टेकला अंतरा साफ आला. ढोलक मी नंतर वेगळी घेतली. नगडिया, म्हणजे छोटा नगारा, माझ्याकडे सॅम्पलमध्ये आहे, तरी ढोलक मात्र खरीच वाजवून घेतो. मशीनच्या ठेक्यात जस लग्नाच्या वरातीसारखा वाटायला लागतो.

मग पैशांचं बोलणं. इथे मी दोन भाव सांगतो. पूर्ण रक्कम द्या, गाणं सगळं तुमचं. नाहीतर अर्धी रक्कम द्या आणि रेकॉर्डिंगच्या कमाईत मला हिस्सा ठेवा. शिवाय चाल आपण दोघांनी मिळून बांधली असेल तर तिथे माझंही नाव लिहा. या गाण्यात अंतऱ्याची चाल माझ्या पेटीवर सुचलेली, तेव्हा ते मागायला मला संकोच नाही. गुरुजी म्हणाले, ‘भैया, पूरा पैसा ले लो, बाद का हिसाब हमसे न होगा.’ मी म्हटलं हिशेब मी ठेवतो, विचार करून रात्री सांगा.

हा हट्ट कशासाठी, ते सांगायला हवं. कायद्याच्या नजरेत रेकॉर्डिंगचा निर्माता तो, ज्यानं पुढाकार घेतला आणि जबाबदारी उचलली. म्हणजे बहुधा ज्यानं पैसे घातले तो. खोलीत बसून ठेका रचणारा, सतार की बासरी ते ठरवणारा, रात्री दोनपर्यंत मिक्स करणारा माणूस त्यात आपोआप येत नाही. जावेद अख्तर राज्यसभेत झगडले आणि २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. त्यामुळे गीतकार आणि संगीतकार यांनी गाणं विकलं तरी रॉयल्टीतला त्यांचा वाटा सुटत नाही. गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांनाही त्याच दुरुस्तीनं काही हक्क मिळाले. पण संयोजन करणाऱ्याला वेगळं संरक्षण नाही. त्याला जे मिळवायचं ते करारात, आधी, लेखी. गाणं चाललं की मग भांडून काही हाती लागत नाही.

एक वाजता वीज गेली. इन्व्हर्टरवर पंखा चालतो, स्टुडिओ चालवत नाही मी. जेवताना आई विचारते, ‘त्या मास्तरांनी पैसे दिले का रे?’ आमचे पणजोबा नागपूरहून रेल्वेच्या नोकरीत इथे आले, जबलपूर आणि नागपूर तेव्हा एकाच प्रांतात होते. त्यानंतर घरात सगळ्यांनी पहिल्या तारखेचा पगार पाहिला. कोणी गन कॅरेज फॅक्टरीत, कोणी विजेच्या बोर्डात. माझ्या कमाईला तारीख नाही हे आईला अजून पटलेलं नाही.

दोन. वीज आली. हा कारकुनीचा तास, आणि माझ्या मते दिवसातला सगळ्यात मोलाचा. नवी पोरं इथेच कंटाळतात. गाणं वितरकाकडे चढवायचं म्हणजे तो ते स्पॉटिफाय, जिओसावन, यूट्यूब म्युझिक सगळीकडे पोचवतो. काही वितरक वर्षाचं शुल्क घेतात, काही कमाईत टक्का घेतात. वर्षाला दोन गाणी काढणाऱ्याला टक्केवारी परवडते, माझ्यासारख्याला शुल्क. प्रत्येक रेकॉर्डिंगला आयएसआरसी हा बारा अक्षरांचा क्रमांक लागतो. तो हरवला की त्या गाण्याचा पैसा ओळखू येत नाही. गायकाचं नाव तीन गाण्यांत तीन तऱ्हेनं लिहिलं तर त्याची तीन वेगळी पानं तयार होतात. गुरुजींच्या बाबतीत आधीच तसं होऊन बसलंय, ते निस्तरण्यात पाऊण तास गेला.

वितरकाकडून येतो तो फक्त रेकॉर्डिंगचा पैसा, हे पुष्कळांना माहीतच नसतं. शब्द आणि चाल यांचा पैसा वेगळ्या नळानं येतो. तो आयपीआरएस गोळा करते. १९६९ सालची ही संस्था २०१७ मध्ये नव्यानं नोंदली गेली आणि तेव्हापासून तिथून खरोखर पैसे येऊ लागले. पण त्यासाठी सभासद व्हावं लागतं आणि प्रत्येक गाणं, कोणाचा किती वाटा, हे कळवावं लागतं. गुरुजींना मी दोन वर्षं सांगतोय की शब्द तुमचे आहेत, सभासद व्हा. ते हसतात आणि म्हणतात, मैया देख लेंगी.

मध्येच एक क्लेम निस्तरला. मागच्या वर्षी मी स्वतः वाजवून घेतलेला ढोलकीचा तुकडा एका कंपनीला दिलेल्या गाण्यात होता. तोच तुकडा माझ्या दुसऱ्या गाण्यात आहे, तर यूट्यूबच्या कंटेंट आयडीनं माझंच गाणं चोरीचं ठरवलं आणि त्याची जाहिरातीची कमाई तिकडे वळली. यंत्राला कोण खरं ते कळत नाही, आधी कोणी नोंदवलं ते कळतं. तक्रारीला मूळ फाइल, तारीख आणि कंपनीला पाठवलेलं बिल जोडलं. म्हणूनच लोकांना फुकट मिळणारे तयार लूप घातलेली गाणी मी कंटेंट आयडीत कधीच देत नाही. ज्याच्यावर एकट्याचा हक्क नाही ते तिथे नोंदवायचं नसतं, नाहीतर असाच त्रास आपण दुसऱ्याला देतो.

चार. बाहेरची कामं. पुण्याच्या एका मुलीनं अभंगाचे ट्रॅक मिक्सला पाठवलेत. अमेरिकेतल्या एका महाराष्ट्र मंडळाला लेझीमच्या नाचासाठी चार मिनिटांचा ताल हवाय, शेवटी ढोल-ताशा ‘अजून जोरात’. फाइव्हरसारख्या ठिकाणाहून आलेल्या कामात वीस टक्के तिथेच कापले जातात. म्हणून तिथून आलेल्या गिऱ्हाइकाच्या कामाला मी विशेष जीव लावतो, पुढे तो चार जणांना माझं नाव सांगतो. डॉलरमधलं एक काम इथल्या दोन-तीन देवीगीतांना भारी पडतं. अमेरिकेतल्या प्रेक्षकांमुळे होणाऱ्या यूट्यूबच्या कमाईवर तिकडचा कर कापला जातो. आपण भारतात राहतो असा फॉर्म भरला तर तो पंधरा टक्क्यांवर येतो, न भरणाऱ्याचं नुकसान जास्त. इकडच्या कंपन्या दहा टक्के टीडीएस कापतात. जीएसटीसाठी वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या वर जावी लागते. ती चिंता देवानं मला अजून दिलेली नाही.

सहा ते आठ शिकवणी. महिन्याला नक्की येणारा पैसा एवढाच. दोन मुलं आणि एक मुलगी, तिघांनाही २०२४ सालची क्रेटेक्सचं ‘तांबडी चामडी’ आणि संजू राठोडचं ‘गुलाबी साडी’ पाठ. पहिलं हॉलंडच्या स्पिनिन रेकॉर्ड्सवर निघालं. दुसऱ्याचा गायक जळगाव जिल्ह्यातला, संगीत जी-स्पार्कचं. मुलांना त्यातला ठेका कसा बांधला ते हवं असतं आणि मी ते शिकवतोही, कारण तो सुंदरच आहे. पण आज त्यांना स्पॉटिफायचा नियम सांगितला. वर्षभरात हजारदा वाजलं नाही तर त्या गाण्याच्या रेकॉर्डिंगचा छदामही मिळत नाही. मुलगी म्हणाली, ‘सर, माझं बाराशे झालंय!’ मग आम्ही हिशेब केला. इथे एका ऐकण्यामागे मिळतात ते पैसे, रुपये नव्हेत. बाराशेमध्ये तिची मैत्रिणीबरोबरची कॉफीसुद्धा बसेना. ती खट्टू झाली नाही, तिनं विचारलं की मग हेच गाणं कोणाला जाहिरातीला देता येईल का. ही पोरगी टिकेल.

साडेआठ. साडीच्या दुकानाची जिंगल, ई-रिक्षावरच्या भोंग्यासाठी. बाईचा आवाज, मागे शहनाई, दुकानाचा पत्ता तीनदा. वीस मिनिटांचं काम आणि पैसे हातोहात. हे पूर्ण विकलेलं, नावगाव काही नाही. निवडणुकीत याच्या कितीतरी पट मिळतं. दोन समोरासमोरच्या उमेदवारांना मी एकाच ठेक्यावरची गाणी दिलेली आहेत, फक्त एकाला ढोल आणि दुसऱ्याला ऑक्टापॅड. सिनेमाच्या चालीवर शब्द बसवून द्या म्हणणारे खूप येतात. त्यांना मी नवी चाल करून देतो, पैसे थोडे जास्त सांगून. डीजेवाल्यांचे रीमिक्सचे फोन आता कमी झालेत. डिसेंबर २०२३ पासून मध्य प्रदेशात भोंग्यांवर कडक निर्बंध आले आणि रात्री दहानंतरची मनाई पूर्वीचीच. माझं एक उत्पन्न गेलं, शेजाऱ्यांचे आशीर्वाद मिळाले.

दहा. गुरुजींचं मिक्स. ढोलकचा बायाँ थोडा खाली घेतला, मोबाइलच्या स्पीकरवर ऐकलं, मग पुन्हा वर आणला. लोक ऐकणार मोबाइलवर, मंडपात आणि ट्रॅक्टरवर. माझे स्पीकर त्यांच्या घरी नाहीत. नमुना म्हणून मध्ये मध्ये पीप घातलेली एमपीथ्री पाठवली. वेव्ह फाइल पैसे आल्यावर.

अकरा वाजता गुरुजींचा फोन. अर्धी रक्कम आणि हिस्सा, हेच ठरवलंय. मी वाट्याचा कागद उघडला. शब्द त्यांचे. चाल निम्मी-निम्मी. रेकॉर्डिंगचे दोन हिस्से त्यांचे, एक माझा. एवढ्यात मागून ढोलकवाल्याचा आवाज आला, ‘और भैया, हमारा?’ गुरुजी म्हणाले, याला रोजी दिलीय ना मी. मी म्हटलं, दिलीत, पण विचारतोय ते काही चूक नाही. दिवसभर मी तेच तर मागतो. कागदावर ढोलकवाल्याची एक ओळ वाढवली, पाच टक्के. ते पाच कोणाच्या वाट्यातून काढायचे, यावर मग आम्हा तिघांचं बरंच वाजलं. शेवटी तीन त्यांचे आणि दोन माझे असं ठरलं. ढोलकवाल्यानं लगेच स्वतःचं पूर्ण नाव आणि यूपीआय नंबर पाठवला, आणि खाली लिहिलं की नावात ‘उस्ताद’ घाला.