बॅटरी बसते, शिसे मागे राहते

सौर पॅनेल पंचवीस वर्षे टिकते. त्याच्याशी जोडलेली बॅटरी मात्र चार-पाच पावसाळ्यांत बसते. २०१७च्या 'सौभाग्य' योजनेत विजेचे खांब न पोचणाऱ्या दुर्गम घरांना २०० ते ३०० वॉटचे पॅनेल, पाच एलईडी दिवे, एक पंखा आणि बॅटरी असा संच देण्याची तरतूद झाली. देखभालीची मुदत पाच वर्षे. खरी अडचण सुरू होते ती त्यानंतर.

पावसाळाच बॅटरीच्या मुळावर का उठतो? पूर्ण भरलेली १२ व्होल्टची शिसे-आम्ल बॅटरी १२.७ व्होल्ट दाखवते, काटा १२.१वर आला की ती निम्मी रिकामी झालेली असते. वीज खर्च होताना शिशाच्या प्लेटांवर लेड सल्फेटचा मऊ थर चढतो आणि चार्जिंग होताना तो विरघळतो. पण आठ-आठ दिवस आभाळ गच्च असते आणि घरात दिवे, मोबाइल चालूच असतात. थर तसाच राहतो, त्याचे कडक खडे होतात. मग कितीही ऊन पडले तरी ते सुटत नाहीत.

उन्हाळ्याचे दुखणे वेगळे. तापल्या पत्र्याखाली बॅटरीतले पाणी उडते आणि प्लेटा उघड्या पडतात. झाकणातला तरंगता खुंटा खाली गेलेला दिसला की डिस्टिल्ड वॉटरच घालावे. हापशाचे पाणी नको. त्यातले क्षार बॅटरीचे आयुष्य खातात.

शिसे-आम्ल बॅटरीला पर्याय असलेली लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी हजारो वेळा भरता येते, पण ती महाग पडते.

बसलेल्या बॅटरीला भंगारात चांगला भाव येतो, कारण तिच्या वजनात निम्म्याहून जास्त शिसे असते. ते ३२७ अंशांना, म्हणजे साध्या भट्टीवरही वितळते. धोका इथेच आहे. सेनेगलमधील डाकारजवळच्या थिआरोये वस्तीत लोक जुन्या बॅटऱ्यांचे शिसे मिसळलेली माती चाळून विकत होते. २००७-०८च्या काही महिन्यांत तिथे १८ मुले दगावली. धूळ मुलांच्या हातांवाटे पोटात जाते आणि वाढत्या मेंदूवर घाला घालते.

भारतात २०२२च्या बॅटरी कचरा नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. म्हणून बसलेली बॅटरी फोडू नका, ॲसिड ओढ्यात ओतू नका. ती उभी ठेवून, आहे तशी विक्रेत्याकडे परत द्या आणि तिची किंमत नव्या बॅटरीच्या बिलातून वजा करून मागा.