जीवनानुभव, परिसर आणि जनुकांची क्रियाशीलता : पुढील पिढीपर्यंत नेमके काय पोहोचते?

प्रस्तावना

'खाण तशी माती' ही म्हण आपल्या समाजमनात खोलवर रुजलेली आहे. मातापित्यांचे गुण अपत्यात उतरतात, हा सार्वत्रिक अनुभव या म्हणीत व्यक्त झाला आहे. विसाव्या शतकातील जनुकशास्त्राने या अनुभवाला शास्त्रीय अधिष्ठान दिले. परंतु त्याचबरोबर 'जनुके म्हणजेच विधिलिखित' अशी एक समजूत सुशिक्षित वर्गातही दृढ झाली. २००३ साली मानवी जनुकसंच प्रकल्प पूर्ण झाला. माणसामध्ये प्रथिने घडविणारी जनुके सुमारे २०,००० एवढीच आहेत, हे पुढे स्पष्ट झाले. इतक्या मर्यादित जनुकांच्या आधारे मानवी शरीराची व स्वभावाची सारी विविधता कशी उलगडावी, हा प्रश्न त्यातून अधिक तीव्र झाला.

त्या प्रश्नाचे एक उत्तर 'एपिजेनेटिक्स' या ज्ञानशाखेने दिले. मराठीत तिला 'अधिजनुकशास्त्र' असे म्हणता येईल. मात्र या शाखेचे निष्कर्ष लोकप्रिय लेखनातून पसरताना आता दुसऱ्या टोकाची समजूत निर्माण होत आहे. आजी-आजोबांनी भोगलेले दुःख नातवंडांच्या जनुकांवर कोरले जाते, अशी विधाने मानसशास्त्र, समाजशास्त्र व शिक्षणशास्त्र यांच्या अध्यापनातही ऐकू येऊ लागली आहेत. या विधानांपैकी सिद्ध किती व अनुमानित किती, याचा विज्ञानेतर विद्याशाखांतील अध्यापकांनाही उपयोगी पडेल असा परामर्श घेणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

एपिजेनेटिक्स : संकल्पना व कार्यपद्धती

आपल्या शरीरातील यकृताची पेशी आणि मेंदूतील चेतापेशी यांमधील डीएनए जवळजवळ एकसारखाच असतो. तरीही या दोन पेशींचे रूप व कार्य सर्वस्वी भिन्न असते. याचे कारण असे की, प्रत्येक पेशीत सर्व जनुके एकाच वेळी कार्यरत नसतात. काही जागृत असतात, तर काही निद्रिस्त ठेवलेली असतात. जनुके व त्यांचा परिसर यांच्या परस्परक्रियेतून जीव कसा घडतो, याच्या अभ्यासासाठी ब्रिटिश शास्त्रज्ञ कॉनरॅड वॉडिंग्टन यांनी १९४२ साली 'एपिजेनेटिक्स' ही संज्ञा योजली. आज ही संज्ञा प्रामुख्याने डीएनएमधील अक्षरक्रम न बदलता जनुकांच्या क्रियाशीलतेत होणाऱ्या टिकाऊ बदलांसाठी वापरली जाते.

हे बदल घडविणाऱ्या यंत्रणांपैकी दोन महत्त्वाच्या आहेत. पहिली मिथिलीकरणाची. डीएनएच्या चार अक्षरांपैकी सायटोसिन या अक्षराला मिथाइल हा छोटा रासायनिक गट जोडला जातो. जनुकाच्या आरंभीच्या भागात असे गट मोठ्या प्रमाणावर जोडले गेल्यास ते जनुक सहसा शांत होते. दुसरी यंत्रणा हिस्टोन प्रथिनांची होय. एका पेशीतील सुमारे दोन मीटर लांबीचा डीएनए या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो. गुंडाळी घट्ट असेल तर तेथील जनुके वाचली जात नाहीत. ती सैल झाली तर वाचली जातात. दृष्टान्त द्यावयाचा तर, ग्रंथातील मजकूर तोच राहतो. मात्र कोणती पाने उघडी ठेवावयाची व कोणती मिटून ठेवावयाची, हे या खुणा ठरवितात. आहार, रसायने, ताणतणाव व वय यांचा परिणाम या खुणांवर होऊ शकतो. धूम्रपान करणाऱ्यांच्या रक्तपेशींत काही जनुकांवरील मिथिलीकरण बदललेले आढळते आणि धूम्रपान सोडल्यानंतर ते कालांतराने बऱ्याच अंशी पूर्वपदावर येते, हे अनेक अभ्यासांतून दिसून आले आहे.

प्राण्यांवरील प्रयोग

१) मधमाशी : राणीमाशी व कामकरी माशी यांचे जनुकीय मूलद्रव्य भिन्न नसते. अळीअवस्थेत मिळणाऱ्या आहारावर तिचे भवितव्य ठरते. २००८ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी मिथिलीकरण घडविणारे एक जनुक अळ्यांमध्ये निष्प्रभ केले, तेव्हा त्यांतील बहुसंख्य अळ्यांपासून राणीसदृश माश्या तयार झाल्या. आहाराचा संदेश जनुकांपर्यंत पोहोचविण्यात मिथिलीकरणाचा वाटा असतो, हे त्यावरून दिसले.

२) अगौटी उंदीर : या उंदरांत एक विशिष्ट जनुक सतत जागृत राहिल्यास केस पिवळे होतात व प्राणी लठ्ठ होतो. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या रॉबर्ट वॉटरलँड व रँडी जर्टल यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात माद्यांना गर्भधारणेपूर्वी व गर्भारपणी फोलिक आम्ल, बी-१२ जीवनसत्त्व, कोलीन व बीटेन यांचा पूरक आहार दिला. हे सर्व घटक मिथाइल गटांच्या पुरवठ्याशी संबंधित आहेत. त्यांच्या पिल्लांमध्ये तपकिरी रंगाचे प्रमाण वाढले व त्या जनुकावरील मिथिलीकरणही वाढल्याचे आढळले.

३) मातृसंगोपन : कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाचे मायकेल मीनी, मोशे स्झिफ व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली उंदरांवरील महत्त्वाचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या माद्या पहिल्या आठवड्यात पिल्लांना अधिक चाटतात, त्यांची पिल्ले मोठेपणी ताणाला संयमाने सामोरी जातात. अशा पिल्लांच्या मेंदूत ताणसंप्रेरकाचा ग्राहक घडविणाऱ्या जनुकावर मिथिलीकरण कमी असते. पिल्लांची आपसांत अदलाबदल केल्यास त्यांच्यात जन्मदात्रीची नव्हे, तर सांभाळणारीची लक्षणे उतरली. ही पिल्ले वयात आल्यावर विशिष्ट औषधाच्या साहाय्याने या खुणा बदलताही आल्या. म्हणजे येथे पिढीजात भासणारा गुण वस्तुतः संगोपनातून पुन्हा पुन्हा घडत होता आणि तो अपरिवर्तनीयही नव्हता.

मानवी पुरावा : नेदरलँड्समधील उपासमार

माणसांवर असे प्रयोग करणे नैतिकदृष्ट्या अशक्य आहे. म्हणून इतिहासातील आपत्तींचा अभ्यास करावा लागतो. दुसऱ्या महायुद्धात, सप्टेंबर १९४४ मध्ये नेदरलँड्समधील रेल्वे कामगारांनी दोस्त राष्ट्रांच्या साहाय्यार्थ संप पुकारला. प्रत्युत्तरादाखल जर्मन सत्तेने देशाच्या पश्चिम भागाकडे जाणारी अन्नवाहतूक रोखली. पुढे कडक हिवाळ्याने कालवे गोठले. अधिकृत शिधा दिवसाला १,००० उष्मांकांच्या खाली गेला व टंचाई कमाल असताना त्याहूनही पुष्कळ कमी झाला. मे १९४५ मधील मुक्तीपर्यंत सुमारे २०,००० लोक मृत्युमुखी पडले. या आपत्तीचा आरंभ व शेवट निश्चित असल्याने आणि जन्मनोंदी सुरक्षित राहिल्याने गर्भावस्थेच्या कोणत्या टप्प्यात उपासमार झाली, हे प्रत्येक व्यक्तीबाबत सांगता येते.

१९७६ साली रावेली व सहकाऱ्यांनी सैन्यभरतीच्या वेळी तपासणी झालेल्या सुमारे ३ लाख तरुणांच्या नोंदी अभ्यासल्या. गर्भावस्थेच्या पूर्वार्धात उपासमार झालेल्यांत लठ्ठपणाचे प्रमाण अधिक होते, तर अखेरच्या महिन्यांत उपासमार झालेल्यांत ते कमी होते. पुढे २००८ साली हेइमान्स, ल्युमे व सहकाऱ्यांनी ६० व्यक्तींची त्यांच्याच भावंडांशी तुलना केली. गर्भधारणेच्या सुमारास उपासमार झालेल्या व्यक्तींमध्ये वाढीशी निगडित अशा आयजीएफ-२ या जनुकावरील मिथिलीकरण सहा दशकांनंतरही कमी आढळले.

हा निष्कर्ष जगभर गाजला. तथापि त्याची मर्यादाही ध्यानात घ्यावयास हवी. भावंडांमधील सरासरी फरक सुमारे ५ टक्क्यांचाच होता. शिवाय त्याच संशोधकगटाने २०१८ साली एक पर्यायी शक्यता मांडली. उपासमारीने गर्भावरील खुणा बदलल्या असतीलच असे नाही. ज्या गर्भांवर विशिष्ट खुणा आधीपासून होत्या, तेच प्रतिकूल परिस्थितीत तगले असावेत, असेही संभवते. स्वतःच्याच गाजलेल्या निष्कर्षाला असा पर्याय सुचविणे, हे वैज्ञानिक वृत्तीचे उत्तम उदाहरण होय.

पुणे परिसरातील अभ्यास

या विषयाचा एक महत्त्वाचा धागा महाराष्ट्राशी जोडलेला आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी ब्रिटनमधील साउदॅम्प्टन येथील शास्त्रज्ञांच्या सहकार्याने १९९३ साली पुण्याजवळील सहा गावांत मातृपोषणाचा दीर्घकालीन अभ्यास सुरू केला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर साउदॅम्प्टनच्या बालकांचे सुमारे ३.५ किलो होते. आपली बालके स्नायू व अवयव यांच्या दृष्टीने लहान असली, तरी त्यांच्या शरीरातील चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नव्हती. 'कृश तरीही मेदयुक्त' असे हे भारतीय बालक भावी मधुमेहाच्या संदर्भात जगभर अभ्यासाचा विषय ठरले.

२००८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार या अभ्यासातील सुमारे दोन-तृतीयांश मातांमध्ये बी-१२ जीवनसत्त्वाची पातळी कमी होती. फोलेटची कमतरता मात्र जवळजवळ नव्हती. ज्या मातांमध्ये बी-१२ कमी व फोलेट अधिक होते, त्यांच्या अपत्यांत सहाव्या वर्षी इन्शुलिनला होणारा प्रतिरोध सर्वाधिक आढळला. ही दोन्ही जीवनसत्त्वे मिथाइल गटांच्या चयापचयात सहभागी असल्याने येथे एपिजेनेटिक यंत्रणेचा संबंध असावा, हे अनुमान सयुक्तिक ठरते. परंतु हा सहसंबंध आहे. कार्यकारणभावाचा तो पूर्ण पुरावा नव्हे. म्हणूनच २०१२ साली याच बालकांना, ती पौगंडावस्थेत आली असता, बी-१२ व अन्य सूक्ष्मपोषके देऊन त्यांच्या पुढील अपत्यांवर होणारा परिणाम तपासण्याचा प्रयोग हाती घेण्यात आला. यात मुलींबरोबर मुलांचाही समावेश होता, ही बाब विशेष उल्लेखनीय आहे.

पिढ्यांची मोजणी व पुराव्याची मर्यादा

'पिढ्यान्‌पिढ्या' हा शब्द येथे जपून वापरावा लागतो. गर्भवती स्त्रीची उपासमार झाली की ती स्वतः, तिचा गर्भ आणि त्या गर्भात आकाराला येणाऱ्या जननपेशी अशा तीन पिढ्या एकाच वेळी त्या परिस्थितीला सामोऱ्या जातात. म्हणून नातवंडांत परिणाम दिसला, तरी त्याला खऱ्या अर्थाने वारसा म्हणता येत नाही. मातृमार्गाने तो पणतवंडांत दिसला, तरच थेट संपर्काशिवाय संक्रमण झाले असे म्हणता येईल. पुरुषांच्या बाबतीत ही मर्यादा नातवंडांची आहे.

त्यातच सस्तन प्राण्यांमध्ये जननपेशी तयार होताना एकदा व फलनानंतर पुन्हा एकदा बहुतांश मिथाइल खुणा पुसल्या जातात. वनस्पतींमध्ये ही पुसण्याची क्रिया तितकी व्यापक नसते. लिनिअसने १७४४ साली वर्णिलेली एका रानफुलाची वेगळ्या आकाराची जात ही अक्षरबदलाने नव्हे, तर मिथिलीकरणातील फरकाने निर्माण झाली आहे, असे १९९९ साली आढळून आले. मात्र वनस्पतींबाबतचा असा पुरावा जसाच्या तसा माणसाला लागू करणे योग्य नव्हे.

माणसाच्या संदर्भात स्वीडनमधील ओव्हरकालिक्स या उत्तरेकडील भागाचा दाखला वारंवार दिला जातो. आजोबांना बालपणी मिळालेल्या अन्नाचे प्रमाण व नातवांचे आयुष्य यांत तेथे संबंध आढळला. परंतु अभ्यासलेल्या व्यक्ती अल्प होत्या. २०१८ साली उप्साला येथील बऱ्याच मोठ्या नोंदींवर हीच तपासणी झाली. तेव्हा पितृपक्षाकडील आजोबांना पौगंडावस्थेपूर्वी मुबलक अन्न मिळणे व नातवांमधील कर्करोगाचे मृत्यू यांत संबंध दिसला, पण मधुमेह व हृदयविकार यांबाबत पूर्वीचा निष्कर्ष पुष्ट झाला नाही. शिवाय कुटुंबाची आर्थिक स्थिती, सवयी व संगोपन हेही पिढ्यांतून वाहत येतात. त्यांना जनुकांवरील खुणांपासून वेगळे काढणे अत्यंत कठीण असते.

शैक्षणिक व सामाजिक आशय

उपरोक्त विवेचनावरून तीन दक्षता सुचवाव्याशा वाटतात.

पहिली दक्षता मातेवरील दोषारोपाबाबत. गर्भावस्थेचे महत्त्व सांगता सांगता अपत्याच्या प्रत्येक व्याधीची जबाबदारी आईवर टाकली जाण्याचा धोका असतो. वस्तुतः पुणे परिसरातील मातांच्या रक्तात बी-१२ कमी असणे हा वैयक्तिक हलगर्जीपणा नव्हे. त्यामागे आहारपद्धती, दारिद्र्य व 'घरातील बाईने शेवटी जेवावे' ही रूढी आहे.

दुसरी दक्षता अवाजवी दाव्यांबाबत. अभिमन्यूच्या कथेचा आधार घेऊन विशिष्ट संगीताने वा श्रवणाने गर्भ बुद्धिमान होतो, असे सांगितले जाते. या लेखात उल्लेखिलेल्या कोणत्याही संशोधनाचा त्याला आधार नाही. हे संशोधन अन्न, सूक्ष्मपोषके व ताण यांविषयी बोलते.

तिसरी दक्षता अधिक गंभीर आहे. वंचित समूहांनी पिढ्यान्‌पिढ्या सोसलेले हाल त्यांच्या जनुकांवर कायमचे कोरले गेले आहेत, असे म्हणणे वरवर सहानुभूतीचे वाटते. परंतु त्यातून जन्मावरून माणसाची योग्यता ठरविणाऱ्या जुन्याच विचाराला नवी परिभाषा मिळते. आजवरचा पुरावा असा निष्कर्ष काढू देत नाही. उलटपक्षी, उंदरांच्या पिल्लांवरील खुणाही बदलता आल्या, हे आपण पाहिले.

समारोप

थोडक्यात, परिसर व अनुभव यांचा जनुकांच्या क्रियाशीलतेवर परिणाम होतो, हे निश्चित आहे. गर्भावस्थेतील पोषणाचे पडसाद अपत्याच्या प्रौढपणापर्यंत उमटतात, याला भक्कम आधार आहे. हे परिणाम माणसात जनुकांवरील खुणांच्या द्वारे अनेक पिढ्यांपर्यंत जातात, हे मात्र अद्याप सिद्ध झालेले नाही. अध्यापनात या तीन विधानांची सरमिसळ होऊ नये.

आपल्या वर्गातील अठरा-वीस वर्षांचे विद्यार्थी व विद्यार्थिनी हीच उद्याची मातापित्यांची पिढी होय. तिच्या पोषणाची काळजी गर्भधारणेनंतर नव्हे, तर आज घ्यावयास हवी. वसतिगृहातील भोजन, उपाहारगृहातील पदार्थ आणि महाविद्यालयातील आरोग्य तपासणी या किरकोळ वाटणाऱ्या बाबी या दृष्टीने शैक्षणिक धोरणाचाच भाग ठरतात. त्यासाठी नातवंडांपर्यंतच्या वारशाचा वाद मिटण्याची वाट पाहण्याचे कारण नाही.