गडावर न्यायचा कोयता कसा निवडाल?

पाऊस ओसरला की कॉलेजच्या ट्रेक ग्रुपवर मेसेज पडायला लागतात. ‘या रविवारी तिकोणा, श्रमदान. सोबत पाणी, डबा, टोपी, हातमोजे. जमल्यास कोयता.’ सगळं जमतं, घोडं अडतं ते शेवटच्या दोन शब्दांपाशी. हॉस्टेलवर राहणाऱ्याकडे कोयता कुठून असणार? मग मोबाइलवर शोधाशोध सुरू होते आणि समोर येतात ती काळीकुट्ट ‘सर्व्हायव्हल’ पाती. पाठीला करवतीचे दात, मुठीत होकायंत्र, टोक भाल्यासारखं. सिनेमातल्या हिरोला ती शोभतात, पण गडावरच्या घाणेरीपुढे त्यांचं फारसं काही चालत नाही.

कामाचं पातं निवडणं अवघड नाही. फक्त प्रश्न योग्य क्रमाने विचारायला हवेत. पहिला प्रश्न पात्याचा नाहीच. तो आहे, आपण नेमकं काय तोडणार आहोत?

आधी झाड ओळखा

कामशेतहून पवनानगरमार्गे तिकोणा पेठ गाठली की गड समोरच उभा असतो. उंची साधारण साडेतीन हजार फूट. 1665 च्या पुरंदरच्या तहात जे 23 किल्ले मोगलांना द्यावे लागले, त्यातला हा एक. अशा गडांच्या वाटांवर आणि तटाच्या कडेने पावसाळ्यानंतर जे माजतं, त्यात घाणेरी आणि रानमोडी या दोघी बाहेरून आलेल्या. दोन्ही मूळच्या अमेरिका खंडातल्या. घाणेरीचे दांडे काटेरी, चिवट, बोटभर ते मनगटाएवढे जाड. आपल्याला तोडायचं आहे ते मुख्यतः हेच.

शेजारीच कारवी असते. ती आपली, सह्याद्रीची. साधारण सात वर्षं वाढून एकदाच फुलते, बी टाकते आणि मरते. तिची मुळं उतारावरची माती धरून ठेवतात. वाट अडवणारी एखादी फांदी सोडली, तर कारवीला हात लावायचं कारण नाही. तटाच्या भेगेत उगवलेले वड, पिंपळ, उंबर हे तिसरं प्रकरण. त्यांच्या मुळांनी चिरे एकमेकांपासून फाकवलेले असतात आणि पुष्कळदा तीच मुळं ते धरूनही असतात. रोपटं ओढून काढलं तर दगडही हातात येतो. ते काम जाणकारांचं.

घाणेरीही नुसती वरून छाटून भागत नाही. बुंधा राहिला की महिन्या-दोन महिन्यांत नवे फुटवे. म्हणून दांडे कोयत्याने तोडायचे आणि खोड मुळाच्या गड्ड्यासकट कुदळीने काढायचं, तेही फळं पिकण्याआधी. पक्षी ती खातात आणि बी रानभर पसरवतात. कुदळही लावायची ती मोकळ्या जमिनीवर. तटाच्या किंवा जोत्याच्या पायाशी खणायचं नाही.

पातं किती मोठं?

इथे बहुतेकांची उडी ‘जितकं मोठं तितकं भारी’ अशी असते. लांब पात्याचा फटका जोरात बसतो हे खरं, पण मनगटही तितक्याच लवकर भरून येतं. दमलेला हात चुकतो आणि चुकलेलं पातं पायावर येतं. नवख्या हाताला दहा ते बारा इंचांचं पातं आणि अर्धा-पाऊण किलो वजन पुरेसं होतं. दुकानात नुसता उचलून पाहू नका. हात सैल सोडून दहा-पंधरा वेळा हवेत हळू फिरवा, अर्थात आजूबाजूला कुणी नाही हे बघून. मनगट कुरकुरलं तर तो कोयता तुमचा नाही.

जाडीचंही तसंच. दक्षिण अमेरिकेतला माचेटे पातळ, जेमतेम दोन-तीन मिलीमीटरचा. ओलं गवत आणि कोवळ्या वेली सपासप कापायला तो उत्तम, पण वाळक्या लाकडावर उसळतो. नेपाळची खुकरी पाठीला चांगली जाड आणि पुढे जड, म्हणून लाकडात खोल जाते, पण झुडपांवर तासभर चालवायला दमवते. आपला कोयता या दोघांच्या मधला. पाठ पाचेक मिलीमीटर आणि टोक आत वळलेलं. ते वळण शोभेचं नाही. त्याने काटेरी फांदी हात न लावता ओढता येते आणि फटका खाली गेला तरी टोक थेट दगडावर आपटत नाही. मावळात भाताच्या राबासाठी फांद्या तोडणाऱ्यांनी आणि कोकणात कमरेच्या आकडीला कोयती अडकवून माडावर चढणाऱ्यांनी हे वळण पिढ्यान्‌पिढ्या वापरलं आहे. ऊसतोडीत तर नवरा-बायकोच्या जोडीलाच ‘एक कोयता’ म्हणतात. अख्खं घर ज्या अवजाराच्या नावाने मोजलं जातं, त्याची घडण उगाच झालेली नसते.

मनगटापेक्षा जाड वाळकं लाकूड असेल तर कोयता बाजूला ठेवा. तिथे करवत किंवा कुऱ्हाड. घडीची छोटी करवत सॅकमध्ये मावते आणि कमी दमवते.

लोखंड आणि पाणी

चांगला कोयता चकचकीत नसतो. स्टेनलेस स्टीलची स्वस्त लांब पाती दिसायला छान, पण फटक्याने एक तर वाकतात, नाहीतर धारेचे तुकडे उडतात. लोहार कोयत्यासाठी बऱ्याचदा ट्रकच्या कमानीचा जुना पाटा वापरतात. खड्ड्यांचे धक्के खाऊन न तुटण्यासाठीच तो बनलेला असतो. त्याला गंज चढतो, पण काम झाल्यावर पुसून तेलाचा हात फिरवला की झालं.

खरी गोम असते पाणी देण्यात. लाल तापलेलं पातं विझवलं की कडक होतं आणि पुन्हा बेताने तापवलं की त्याचा ठिसूळपणा जातो. हे जमलंय का, ते साध्या कानशीने कळतं. लोहाराला विचारून धारेजवळ हलकेच कानस चालवा. काचेवरून घसरल्यासारखी निसटली तर पातं फार कडक, दगडाला लागलं की टवका उडेल. लोण्यासारखी आत गेली तर फार मऊ, धार दुपारपर्यंतही टिकणार नाही. जरा अडत, जरा खात चालली की समजा पाणी बेताचं बसलंय.

मग मूठ. गोल मुठीपेक्षा लंबगोल बरी, कारण धार कुठल्या दिशेला आहे ते न बघता हाताला कळतं. गुळगुळीत पॉलिश नको, घामाने निसटते. पात्याचं शेपूट मुठीत खोल गेलेलं हवं आणि मुठीच्या तोंडाशी लोखंडी कडं हवं. कोयता कानाजवळ धरून हलवा, खडखडला तर परत ठेवा.

धार वस्तऱ्यासारखी लावून मागू नका, पहिल्याच गाठीवर ती वळेल. थोडी जाड, एकसारखी धार लाकडाला टिकते. खिशात छोटा धारेचा दगड असू द्या आणि तासातासाला चार हात मारा. बोथट कोयत्याला जोर जास्त लागतो आणि अपघात त्या जादा जोरानेच होतात.

फटका मारण्याआधी

दांडा आडवा नाही, तिरका तोडायचा. फटका अंगापासून बाहेर जाणारा. मोकळ्या हाताने फांदी धरली असेल तर तो हात पात्याच्या रेषेत नको. दोघांमध्ये निदान तीन-चार मीटर अंतर. पायात बूट. उतारावर कुणाच्याही खाली किंवा वर उभं राहून कोयता चालवायचा नाही. आणि रीलसाठी कोयता फिरवणं? अजिबात नाही.

परवानगी ही औपचारिकता समजू नका. किल्ल्यावर पुरातत्त्व खात्याचा आणि भोवतीच्या रानात वन खात्याचा कायदा लागू असू शकतो. शेजारचे लोहगड आणि विसापूर केंद्राच्या संरक्षित यादीत आहेत, आणि लोहगड तर 2025 पासून युनेस्कोच्या जागतिक वारशातही आहे. तिथे मनाने एक फांदीही तोडायची नसते. त्यामुळे जाण्याआधी संबंधित खात्यांना आणि गावात विचारा आणि रीतसर काम करणाऱ्या संस्थेबरोबरच जा.

सॅकमध्ये अवजार, डिकीत हत्यार

शहरात कोयता या शब्दाला अलीकडे वेगळाच वास येतो. ‘कोयता गँग’च्या बातम्यांनंतर 2023 च्या सुरुवातीला पुण्यात कोयता विकताना गिऱ्हाइकाचं आधार कार्ड घ्यावं, अशी सूचना विक्रेत्यांना झाली होती. शस्त्र नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्यांचा उल्लेख आहे. घरकाम आणि शेतीसाठी बनवलेली अवजारं त्यातून वगळलेली आहेत. पण ही सूट अवजाराला आहे, बाइकच्या डिकीत आठवडाभर पडून राहिलेल्या पात्याला ती सांगणं कठीण जाईल. भाल्याच्या टोकाच्या त्या ऑनलाइन पात्याला तर आणखीच कठीण.

म्हणून सोपी वाट धरा. ग्रुपसाठी तीन-चारच कोयते घ्या, पावतीसह, ओळखीच्या लोहाराकडून. चामड्याच्या किंवा जाड कॅनव्हासच्या म्यानात, गोणपाटात गुंडाळून, कुदळ-फावड्यांसोबत न्या. श्रमदानाचं पत्र जवळ ठेवा. शक्य असेल तर ते संस्थेकडे किंवा पायथ्याच्या गावातच ठेवून या. रविवारी संध्याकाळी पुण्याला परतताना तुमच्या सॅकमध्ये रिकामा डबा असावा, कोयता नसावा.

दहा जणांना दहा कोयते लागतही नाहीत. दोघं तोडतात, दोघं खणतात, बाकीचे ओढून ढीग लावतात आणि तासाने जागा बदलतात. कोयता तेवढा ज्याचं मनगट ताजं आहे त्याच्याच हातात द्यायचा.