पुनर्विवाहानंतरचे कुटुंब आणि वारसा हक्क

प्रस्तावना
पुनर्विवाहाने दोन घरे एक होतात. कायदा मात्र प्रत्येकाचे नाते स्वतंत्रपणे पाहतो. या घटकात आपण हिंदू उत्तराधिकार अधिनियम, 1956 च्या आधारे सावत्र नात्यांतील वारसा समजून घेऊ.

उदाहरण (काल्पनिक)
माधव विधुर आहे. त्याला गौरी ही मुलगी आहे. सुनंदा विधवा आहे. तिला रोहन हा मुलगा आहे. दोघांचा विवाह झाला आणि पुढे ईशाचा जन्म झाला. माधवच्या स्वकष्टार्जित पैशातून त्याच्या नावावर घर घेतले. माधवची आई हयात नाही. त्याने मृत्युपत्र केलेले नाही.

माधवचा मृत्यू आधी झाल्यास
कलम 8 व 10 नुसार सुनंदा, गौरी आणि ईशा या वर्ग 1 च्या वारस ठरतात. प्रत्येकीला 1/3 हिस्सा मिळतो. रोहनला माधवने लहानाचे मोठे केले असले तरी तो त्याचा वारस नाही. पुढे सुनंदाही मृत्युपत्र न करता वारली, तर कलम 15 नुसार तिचा 1/3 हिस्सा रोहन व ईशा यांच्यात समान वाटला जातो. अखेरीस ईशाला 1/2, गौरीला 1/3 आणि रोहनला 1/6 मिळतो.

सुनंदाचा मृत्यू आधी झाल्यास
घर माधवचेच राहते. त्याच्या पश्चात गौरी व ईशा यांना निम्मे-निम्मे मिळते. रोहनला काहीच नाही. कुटुंब तेच, घर तेच. केवळ मृत्यूचा क्रम बदलला.

सावत्र आईच्या मालमत्तेबाबत सर्वोच्च न्यायालयाने लछमन सिंग विरुद्ध किरपा सिंग (1987) या निकालात सांगितले की, कलम 15(1)(अ) मधील 'मुलगा' या शब्दात सावत्र मुलगा येत नाही. तो 'पतीचे वारस' या पुढच्या क्रमात येतो. म्हणजे सुनंदाची मुले हयात असताना तिच्या हिश्श्यावर गौरीचा हक्क नाही.

मृत्युपत्र आणि प्रोबेट
रोहनला हिस्सा द्यायचा असेल, तर माधवने मृत्युपत्र करणे हा सरळ मार्ग आहे. त्यावर किमान दोन साक्षीदारांनी साक्षांकन करावे लागते. नोंदणी ऐच्छिक आहे. प्रोबेट म्हणजे मृत्युपत्र खरे व विधिवत असल्याचा न्यायालयाचा दाखला. त्यातील मालमत्ता मृत व्यक्तीचीच होती का, हा प्रश्न प्रोबेटने सुटत नाही.

येथे एक धोका लक्षात घ्यावा. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, 1925 नुसार ख्रिस्ती व पारशी व्यक्तीचे मृत्युपत्र विवाहाने रद्द होते, हिंदूचे होत नाही. माधवने पुनर्विवाहापूर्वी सर्व काही गौरीच्या नावे लिहून ठेवले असते, तर ते मृत्युपत्र कायम राहिले असते आणि सुनंदा व ईशा यांना वारसा म्हणून घरात हिस्सा मिळाला नसता.

सारांश
सांभाळ केल्याने वारसा हक्क निर्माण होत नाही. तो रक्त, विवाह, विधिवत दत्तक किंवा मृत्युपत्र यांतून येतो. म्हणून पुनर्विवाहानंतर जुने मृत्युपत्र तपासणे आवश्यक ठरते.

स्वाध्याय
माधवच्या मृत्यूसमयी त्याची आई हयात असती, तर चौघांचे हिस्से किती झाले असते?