म्हैसूरच्या घरात वाजला, गाडीत अडला

या शतकाच्या पहिल्या दशकात म्हैसूरमधल्या एखाद्या घराच्या पूर्वेकडच्या खिडकीत तळहाताएवढी चपटी अँटेना दिसली, की समजायचं, या घरात वर्ल्डस्पेस कंपनीचा उपग्रह रेडिओ आहे. 'श्रुती'वर कर्नाटक संगीत, 'गंधर्व'वर हिंदुस्थानी, 'फरिश्ता'वर जुनी हिंदी गाणी. वर्गणी भरली की दिवसरात्र ऐकत बसा. कंपनीचे बहुतेक वर्गणीदार भारतातलेच होते. तरीही हा रेडिओ गाडीत बसवायचा म्हटलं की घोडं अडायचं. अमेरिकेत त्याच काळात लाखो मोटारींमध्ये उपग्रह रेडिओ वाजत होता. आपल्याकडे काय कमी पडलं?

सहज सुचणारं उत्तर म्हणजे उपग्रह. पण तो तर होता. २१ मार्च २००० रोजी एरियन-५ रॉकेटने सोडलेला वर्ल्डस्पेसचा 'एशियास्टार' हा उपग्रह विषुववृत्तावर १०५ अंश पूर्व रेखांशावर, सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर स्थिर होता. म्हैसूरमधून पाहिलं तर तो पूर्वेच्या किंचित दक्षिणेला, क्षितिजापासून सुमारे ५४ अंशांवर येतो. चामुंडी टेकडी शहराच्या आग्नेयेला, म्हणजे साधारण त्याच बाजूला आहे, पण तिचा माथा या रेषेच्या कितीतरी खाली राहतो. त्यामुळे टेकडीची अडचण नव्हती. अडचण होती ती रस्त्यालगतच्या झाडांची.

झाडाची सावली, लहरींची सावली

म्हैसूर रेडिओला नवखं नाही. महाराजा कॉलेजात मानसशास्त्र शिकवणारे प्रा. एम. व्ही. गोपालस्वामी यांनी १९३५ साली आपल्या राहत्या घरातूनच ३० वॅटच्या प्रक्षेपकावर केंद्र चालू केलं होतं. आजचं एफएम केंद्र त्याहून कितीतरी बलवान असलं, तरी त्याच्या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात. मनोरा शंभर मीटर उंच असेल, तर सपाट प्रदेशात चाळीसेक किलोमीटरनंतर पृथ्वीचा फुगवटा आड येऊ लागतो. म्हणूनच म्हैसूरहून कोल्हापूरला निघालेल्या माणसाला वाटेत पुन्हा पुन्हा केंद्र शोधत बसावं लागतं. उपग्रहाने ही कटकट मिटते. एकच केंद्र अख्खा देश ओलांडेपर्यंत सोबत करू शकतं.

मात्र एफएमच्या लहरी साधारण तीन मीटर लांबीच्या असतात. भिंतीवरून परतत, खिडकीतून शिरत त्या गाडीपर्यंत येतात; शिवाय मनोरा जवळ असल्याने त्यांच्यात जोर असतो. वर्ल्डस्पेसचं प्रक्षेपण १४६७ ते १४९२ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात होतं, म्हणजे तरंगलांबी जेमतेम वीस सेंटिमीटर. ३६ हजार किलोमीटर ओलांडून आलेली ही क्षीण लहर ओल्या पानांच्या दाट छत्रीतच बरीचशी खर्ची पडते. काँक्रीटच्या पुलाखाली तर ती पोहोचतच नाही.

हिशेब करून पाहू. उपग्रह ५४ अंशांवर असेल, तर बारा मीटर उंचीच्या झाडाची 'रेडिओ-सावली' सुमारे नऊ मीटर पडते. म्हैसूरहून बंगळुरूकडे जाताना एशियास्टार उजव्या हाताला यायचा. म्हणजे डावीकडची झाडं कितीही दाट असली तरी बिघडत नव्हतं. पण जुन्या दुपदरी रस्त्यावर उजव्या कडेच्या झाडांची सावली थेट आपल्या टपावर यायची. झाड आलं की गाणं तुटणार, फट आली की जुळणार. डिजिटल प्रसारणात खरखर नसते. एक तर स्वच्छ आवाज, नाही तर शांतता. त्यामुळे हे तुटणं कानाला जास्तच खुपतं.

चार सेकंदांची युक्ती

अमेरिकेत हीच अडचण आणखी मोठी होती. सिअ‍ॅटलसारख्या उत्तरेकडच्या शहरातून ८५ अंश पश्चिमेवरचा उपग्रह क्षितिजापासून जेमतेम २५ अंशांवर येतो. त्याच बारा मीटरच्या झाडाची सावली तिथे पंचवीस मीटरच्या पुढे जाते. तिथल्या दोन कंपन्यांनी दोन वाटा काढल्या. सिरियसने तीन उपग्रह लंबवर्तुळाकार कक्षेत असे फिरवले, की त्यांचा बराचसा वेळ उत्तर गोलार्धावर, उंच आभाळात जावा. २००१ मध्ये सेवा सुरू करणाऱ्या एक्सएमने ८५ आणि ११५ अंश पश्चिमेवर दोन भूस्थिर उपग्रह ठेवले. त्यांची नावं रॉक आणि रोल!

एक्सएमची खरी करामत वेळेची होती. तेच गाणं एका उपग्रहावरून दुसऱ्यापेक्षा सुमारे चार सेकंद उशिरा पाठवलं जाई. गाडीतला ट्यूनर लवकर येणारी प्रत साठवून ठेवी आणि दोन्ही जुळवून मग आवाज काढी. पुलाखाली एका प्रतीचा तुकडा हरवला, तर तोच तुकडा दुसऱ्या प्रतीत सापडे. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी चार सेकंदांत सुमारे ६६ मीटर जाते. म्हणजे उड्डाणपुलाची रुंदी सहज पार!

पण गाडी त्याच पुलाखाली सिग्नलला थांबली तर? किंवा दोन्ही बाजूंना वीसमजली इमारती असतील तर? तिथे कोणताही उपग्रह कामाला येत नाही. म्हणून दोन्ही कंपन्यांनी शहरोशहरी रिपीटर उभारले, म्हणजे तोच कार्यक्रम जमिनीवरून पुन्हा प्रसारित करणारे मनोरे. जपान आणि दक्षिण कोरियाने २००४ मध्ये सोडलेल्या सामायिक उपग्रहावरून फिरत्या संचांसाठी सेवा सुरू केल्या, तेव्हा त्यांनाही शहरांत असेच पूरक प्रक्षेपक लावावे लागले. चालत्या गाडीतला उपग्रह रेडिओ म्हणजे निम्मा जमिनीवरचाच रेडिओ असतो, तो असा.

बसवायचा कसा?

गाडीतलं काम त्यामानाने सोपं. चुंबक असलेली छोटी अँटेना टपाच्या मधोमध, कॅरियरच्या दांड्यांपासून दूर चिकटवायची. खालचा पत्रा नुसता आधार देत नाही, तो अँटेनाचाच भाग बनतो. तीच अँटेना प्लास्टिकच्या डॅशबोर्डवर ठेवली तर काम ढिलं होतं. काचेला धातूचा अंश असलेली फिल्म असेल तर आणखी ढिलं. लहरी वर्तुळाकार ध्रुवित असल्याने गाडी कुठेही वळली तरी अँटेना फिरवावी लागत नाही. वायर मागच्या काचेच्या रबरी पट्टीखालून आत घ्यायची, दाराच्या उंबरठ्याच्या पट्टीखालून पुढे आणायची. कुठे घट्ट मुडपायची नाही. ट्यूनरला वीज फ्यूज बॉक्समधल्या अशा लाइनवरून द्यायची, जी किल्ली बंद करताच बंद होते. नाही तर सकाळी बॅटरी उतरलेली. आवाज ऑक्सच्या भोकातून स्टिरिओत. ऑक्स नसेल तर एफएम मॉड्युलेटर, म्हणजे तोच आवाज एफएमवरून स्टिरिओला पोहोचवणारं उपकरण, पण त्यासाठी मोकळी कंप्रता निवडायला हवी. म्हैसूरमध्ये १०० च्या आसपास लावलं, तर १००.६ वरची आकाशवाणी तुमच्या गाण्यावर चढून बसेल.

अमेरिकेहून येताना कोणी हौसेने तिथला ट्यूनर आणला, तर मात्र तो इथे मुका. ८५ अंश पश्चिमेवरचा उपग्रह म्हैसूरच्या दृष्टीने पृथ्वीच्या पलीकडे आहे. कितीही चांगली अँटेना लावली तरी तो दिसणार नाही.

मनोरे आले, पण दुसऱ्याच कामाला

आपल्याकडे ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेने २००५ मध्ये उपग्रह रेडिओबाबत शिफारशी केल्या खऱ्या, पण वर्ल्डस्पेसचं रिपीटरचं जाळं देशभर कधी उभं राहिलं नाही. मोकळ्या मैदानात उभ्या गाडीत रेडिओ वाजणं अवघड नव्हतं. शहरात धावत्या गाडीत अखंड वाजणं अशक्यप्राय होतं. २००८ मध्ये कंपनीने अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला आणि ३१ डिसेंबर २००९ ला भारतातलं प्रसारण थांबलं.

गंमत अशी, की भूगोल आपल्या बाजूने होता. ८३ अंश पूर्वेवर भारताचे उपग्रह आहेतच; त्या जागेवरून म्हैसूरकडे पाहणारा उपग्रह क्षितिजापासून ७४ अंशांवर, जवळजवळ डोक्यावर येतो. तिथून बारा मीटरच्या झाडाची सावली साडेतीन मीटरच पडेल. अमेरिकेला विशेष कक्षा निवडून जे साधावं लागलं, ते विषुववृत्ताजवळच्या दक्षिण भारताला फुकट मिळतं.

जमिनीवरचे मनोरे पुढे आलेच, पण मोबाइलचे. आज गाडीत फोनवरून गाणी वाजतात तेव्हा शेवटचे काही किलोमीटर हे मनोरेच सांभाळतात. उपग्रहाची गरज राहिली नाही. राहिली ती फक्त मनोरे विरळ होतात तिथे. म्हैसूरहून उटीकडे जाताना बंदीपूरच्या जंगलात फोनची रेंज गेली, तरी जीपीएस नकाशावरचा ठिपका सरकत राहतो. तो १५७५ मेगाहर्ट्झवर, वर्ल्डस्पेसच्या शेजारच्याच पट्ट्यात चालतो आणि त्याला रिपीटर लागत नाहीत, कारण एका वेळी अनेक उपग्रह दिसतात आणि माहितीही अगदी थोडी लागते. क्षणभर संदेश तुटला तर ठिपक्याचं काही बिघडत नाही. तुटलेली तान मात्र लगेच कळते. म्हणून उद्या कोणी नव्याने उपग्रह रेडिओ गाडीत आणायचं म्हणालं, तर रॉकेट कधी उडणार हे नंतर विचारावं. आधी विचारावं, पुलाखाली आणि गल्लीबोळांत मनोरे कोण उभारणार?